रूपांतर पाठ आहे, तरी एकक चुकतं: दर चाचणीला परत येणाऱ्या चुकीचं निदान आणि उपाय

गणपतीची सुट्टी संपली की पहिल्या चाचणीचे पेपर घरी येतात, आणि विज्ञानाच्या पेपरावर लाल शाईत एकच शेरा जागोजागी दिसतो: "एकक?" सूत्र बरोबर, आकडेमोडही बरोबर, आणि उत्तर मात्र हजारपट मोठं किंवा हजारपट लहान. मुलाला विचारावं तर एक किलोमीटर म्हणजे हजार मीटर हे तो झोपेतही सांगेल. मग घरी पुन्हा तक्ता पाठ करून घेतला जातो. आठवडाभर सगळं छान चालतं. सहामाहीच्या पेपरात तीच चूक परत उभी राहते.

मी रत्नागिरीजवळ आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. पालक सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडे आणतात ती हीच तक्रार. तिच्यावर मनापासून लिहावंसं वाटलं, कारण या दोन-दोन गुणांच्या चुकांमुळे चांगली समज असलेली मुलं "मला विज्ञान जमत नाही" असं ठरवून टाकतात, आणि दहावीनंतर त्या वाटेलाच जात नाहीत. माझं म्हणणं असं आहे: "एकक चुकतं" या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, उपायही वेगळा. तक्ता पाठ करणं हा त्यातल्या जवळजवळ कशावरच उपाय नाही, म्हणून चूक परत येते.

सुरुवात पेपरांपासून

मागचे दोन-तीन पेपर आणि वही घेऊन मुलाशेजारी बसा. एककाच्या प्रत्येक चुकीपाशी थांबा आणि त्याने नेमकं काय केलं तेवढंच समासात लिहा. गुणायचं तिथे भागलं? दहा हजारने गुणायचं तिथे शंभरने गुणलं? लिटरचे सरळ किलो केले? तासाला शंभर मिनिटं धरली? की मोजतानाच पट्टी चुकीची लावली? रागावू नका, शेरे मारू नका, फक्त नोंद करा. बहुतेक मुलांच्या चुका एका-दोन प्रकारांतच गोळा झालेल्या दिसतात. तेवढ्यावरच काम करायचं.

नोंद करायच्या आधी एक प्रश्न मात्र जरूर विचारा: ०.३५ मोठे की ०.४? मुलाने "०.३५" असं सांगितलं, तर पुढचं सगळं थांबवा. त्याच्या डोक्यात पस्तीस चारपेक्षा मोठे आहेत. म्हणजे दोष विज्ञानात नाही, पाचवीतल्या दशांश अपूर्णांकात आहे. घरातला मोजायचा टेप काढा आणि ०.४ मीटर, ०.३५ मीटर, ०.०४ मीटर कुठे येतात ते त्यालाच बोट ठेवून दाखवू द्या. चाळीस सेंटिमीटर, पस्तीस सेंटिमीटर, चार सेंटिमीटर. नववीतल्या मुलाला पाचवीचा धडा काढून देण्यात कसलाही कमीपणा नाही. हे कच्चं राहिलं तर वरचं काहीच टिकत नाही.

उलट्या दिशेला जाणारं दशांशचिन्ह

२५० मिलिमीटर म्हणजे किती मीटर? मूल न अडखळता २,५०,००० लिहितं. हजारने काहीतरी करायचं हे त्याला आठवतं, पण गुणायचं की भागायचं ते नाही. अडीच लाख मीटर म्हणजे २५० किलोमीटर. रत्नागिरीहून निघालं तर गोव्यात पोचेल एवढं अंतर. आपण एका वीतभर लांबीबद्दल बोलतोय हे त्याच्या मनातच आलेलं नसतं. आकडा आला, एकक आलं, पण वस्तू डोळ्यांपुढे आली नाही.

म्हणून इथला उपाय म्हणजे अंदाज. उदाहरण सोडवण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल ते तोंडाने सांगायचं. त्यासाठी काही मापं अंगवळणी पडायला हवीत. करंगळीच्या नखाची रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास असते. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे पाऊण मिलिमीटर. त्याची रुंदी ५.४ सेंटिमीटर. दाराची उंची दोन मीटरच्या जवळपास. औषधाचा लहान चमचा ५ मिलिलिटर. एक लिटर पाण्याचं वस्तुमान एक किलोग्रॅम. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ते वाचून भरलेल्या सिलिंडरचं एकूण वजन मुलाला काढू द्या. मग घरातली रोज एक-दोन नवी मापं: आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं, मग दोन्हींतला फरक लिहायचा. फरक कमी होत जाताना मुलांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

दिशेसाठी एकच वाक्य मोठ्याने म्हणायचं: "एकक लहान झालं की आकडा मोठा होतो." मिलिमीटरवरून मीटरवर जायचंय, एकक मोठं होतंय, म्हणजे आकडा लहान होणार. एवढं बोलून झालं की मगच पेन उचलायचं.

किलो-हेक्टो-डेका-डेसी-सेंटी-मिली ही शिडी बहुतेक वर्गांत उड्या मोजायला शिकवतात. मला ती पद्धत फारशी पटत नाही. लांबीपुरती ती चालते. पण पुढे मायक्रो, नॅनो, मेगा, गिगा येतात तिथे प्रत्येक पायरी हजारची होते आणि उड्या मोजणाऱ्या मुलाचा गोंधळ उडतो. त्यापेक्षा मिली म्हणजे हजारावा भाग, सेंटी म्हणजे शंभरावा भाग, किलो म्हणजे हजारपट, हे अर्थ माहीत असले की प्रत्येक वेळी रूपांतर नव्याने मांडता येतं. चिन्हं लिहिताना मिलीचा इंग्रजी 'एम' लहान आणि मेगाचा मोठा, हेही तेव्हाच सांगून ठेवा. त्या दोघांत शंभर कोटी पटींचा फरक आहे.

चौरस आणि घन: सगळ्यात जास्त गुण इथे जातात

एक मीटरचे शंभर सेंटिमीटर, म्हणून एक चौरस मीटरचे शंभर चौरस सेंटिमीटर. दहावीतली हुशार मुलंसुद्धा हे लिहितात. खरं उत्तर दहा हजार. आणि एका घनमीटरचे दहा लाख घन सेंटिमीटर. घनता, दाब, आरशाचं क्षेत्रफळ, तारेचा काटछेद, जिथे जिथे चौरस किंवा घन येतो तिथे ही चूक पुन्हा डोकं वर काढते.

हे सांगून पटत नाही, करूनच पटतं. खळ्यात खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. त्याच्या प्रत्येक बाजूवर दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा करून रेघा ओढा. आत शंभर चौकोन तयार होतील. "हे झाले शंभर चौरस सेंटिमीटर," असं मूल म्हणेल. मग त्यातला एकच चौकोन घ्या आणि त्याची बाजू मोजायला लावा. दहा सेंटिमीटर. म्हणजे त्या एकट्या चौकोनात शंभर चौरस सेंटिमीटर आहेत. असे शंभर चौकोन. त्या क्षणी दहा हजार हा आकडा मुलाला दिसतो, आणि एकदा असा दिसलेला आकडा सहसा विसरला जात नाही. घनमीटरसाठी छपरावरची काळी टाकी दाखवा: हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर पाणी.

आपल्याकडे तर या धड्यासाठी चार महिने आभाळच कामाला लागलेलं असतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, बातम्यांत रोज मिलिमीटरचे आकडे असतात, आणि तरी पाऊस लांबीच्या एककात का मोजतात हे फार थोड्या मुलांना सांगता येतं. उत्तर सुंदर आहे. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, आटलं नाही, तर जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल ती उंची म्हणजे पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर थर: १०,००० चौरस सेंटिमीटर × ०.१ सेंटिमीटर = १००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोब्बर एक लिटर. हे एक समीकरण मुलाने स्वतः काढलं, तर चौरस आणि घन या दोन्ही रूपांतरांची गाठ एकदम सुटते.

पुढे जा. घराच्या छपराखालची जागा १०० चौरस मीटर असेल आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर दहा हजार लिटर पाणी पडलं. हजार लिटरच्या दहा टाक्या! मुलं हे ऐकून अवाक होतात, आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते तेव्हा त्यांना तो आकडा आठवतो. इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी: आपली छपरं उतरती असतात, म्हणून कौलांचं क्षेत्रफळ धरायचं नाही. छपराने जमिनीवर जेवढी जागा झाकली आहे तेवढीच धरायची, कारण सरळ खाली येणारा पाऊस तेवढ्याच जागेचा असतो.

पर्जन्यमापक घरीही होतो. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा, सपाट तळाचा डबा मोकळ्या जागेत ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. आत साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो. मुलालाही तीच वेळ पाळू द्या. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे "मुसळधार", ११५.६ पासून "अति मुसळधार" आणि २०४.४ च्या वर "अत्यंत मुसळधार", ही विभागाची वर्गवारी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या वहीने आणखी एक साधतं, त्याबद्दल पुढे.

जमिनीची मापंही याच धड्यात येतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. ०.१२.५० असं लिहिलेलं असेल तर ते शून्य हेक्टर, बारा आर, पन्नास चौरस मीटर, म्हणजे १२५० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत हे बघून घरातले मोठेही चकित होतात.

घरात वाव, पायली, ब्रास. शाळेत मीटर, लिटर

काही पालकांना वाटतं की घरात जुनी मापं बोलली जातात म्हणून मुलं गोंधळतात. मला तसं वाटत नाही. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि मेट्रिक मापं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आजोबा-आजींच्या पिढीने दोन्ही मापांत व्यवहार केला आणि तो नीट केला. ज्या मुलाला एक वस्तू दोन मापांत सांगता येते, त्याची समज पक्कीच होते. फक्त दोन्हींमधला पूल बांधून द्यायला हवा.

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर जाणाऱ्या मुलांना वाव माहीत असते: खोल पाण्याचं माप, सुमारे सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर. होडीवरच्या जीपीएसवर सागरी मैल दिसतात. एक सागरी मैल १८५२ मीटरचा. बारा सागरी मैलांची हद्द म्हणजे किनाऱ्यापासून २२.२ किलोमीटर. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. असली उदाहरणं मुलांनी घरच्यांना विचारून आणावी आणि स्वतः मीटरमध्ये करावी. बाबा रोज वापरतात ते माप आपण विज्ञानात सोडवलं, याचा मुलांना अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानाने अभ्यास पुढे सरकतो.

पायलीमुळे तर पुढचा दोषही उलगडतो.

लिटर म्हणजेच किलो?

एक लिटर पाणी एक किलो, हे मुलं शिकतात आणि सगळ्याच द्रवांना लावून मोकळी होतात. खोबरेल तेलाची घनता सुमारे ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, म्हणून लिटरभर तेल ९२० ग्रॅमच्या जवळपास भरतं. समुद्राचं पाणी उलट थोडं जड, लिटरला सुमारे १०२५ ग्रॅम. दुकानातल्या तेलाच्या पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. एकाला दुसऱ्याने भागून घनता काढायला लावा.

आणि पायली घ्या. पायली हे आकारमानाचं माप. एकाच मापाने आधी टरफलासकट भात भरून वजन करा, मग तोच डबा तांदळाने भरून वजन करा. तांदूळ जास्त भरतो, कारण टरफलं आणि त्यांच्यामधली पोकळी निघून गेलेली असते. आकारमान तेच, वस्तुमान वेगळं. घनतेचा धडा यापेक्षा सोपा करून सांगता येईल असं मला वाटत नाही. त्यानंतर १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर = १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर हे एकदा टप्प्याटप्प्याने मांडून घ्या; वरचा भाजक हजार आणि खालचा भाजक दहा लाख, म्हणून हजार उरतात.

आकड्यापासून एकक सुटू देऊ नका

बरीच मुलं आकडेमोड नुसत्या आकड्यांनी करतात आणि शेवटी आठवेल ते एकक चिकटवतात. एककाच्या चुका वाढतात त्या या सवयीने. त्यावर उपाय कंटाळवाणा वाटला तरी अचूक आहे: प्रत्येक पायरीला प्रत्येक आकड्याबरोबर एकक लिहायचं, आणि आकड्यांप्रमाणे एककंही छेदायची. शेवटी उरलेलं एकक हवं तेच आलं नाही, तर कुठेतरी गुणाकाराऐवजी भागाकार झाला आहे हे मुलाला उत्तरपत्रिका बघण्याआधीच कळतं.

हे का महत्त्वाचं, ते सांगायला मी मुलांना कॅनडातली एक घटना सांगते. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालं होतं. इंधनमापक बंद असल्याने टाकीत किती लिटर आहे ते हाताने मोजून वजन काढलं गेलं. २२,३०० किलोग्रॅम इंधन हवं होतं. लिटरचं वजन करताना ०.८ ने गुणायला हवं होतं, कारण एका लिटरचं वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम. गुणलं गेलं १.७७ ने, जो पौंडांचा आकडा होता. विमानात लागणार होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. कागदावर १.७७ या आकड्यापुढे "पौंड प्रति लिटर" एवढं लिहिलेलं असतं, तर चूक तिथेच दिसली असती. ही गोष्ट ऐकलेली मुलं पुढे एकक लिहायला कंटाळत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आपल्या घरातही ही गोष्ट तितकीच खरी आहे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती एका पेल्यात कालवली तर द्रावण कित्येक पटींनी खारट होतं आणि आजारी बाळाला त्याने अपाय होऊ शकतो. बागेत फवारणीसाठी "लिटरला दोन मिलिलिटर" असं लिहिलेलं औषध सोळा लिटरच्या पंपात ३२ मिलिलिटर जातं. ही गणितं मुलांना करू द्या. पुडीवरची आणि बाटलीवरची सूचना त्यांनीच मोठ्याने वाचावी.

तासाला साठ मिनिटं

दशमान पद्धत अंगवळणी पडली की मुलं वेळेलाही तीच लावतात: २ तास १५ मिनिटं म्हणजे २.१५ तास. बरोबर उत्तर २.२५. आणि किलोमीटर प्रति तासाचं मीटर प्रति सेकंद करताना ५/१८ की १८/५ हे नेहमी उलटंपालटं होतं. सूत्र पाठ करू नका. १००० मीटर भागिले ३६०० सेकंद, यातूनच ५/१८ येतं, हे दोन-तीनदा मांडलं की पुरे.

सराव प्रवासात होतो. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटरचा आहे. गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने गेली, तर इंजिनाला तो पार करायला ३२५ सेकंद लागतील, जवळजवळ साडेपाच मिनिटं. पुढच्या वेळी अंधार सुरू झाला की घड्याळ लावायला सांगा आणि गाडीचा वेग मुलाकडूनच काढून घ्या. एसटीतून जाताना किलोमीटरचे दगड मोजायचे: दोन दगडांमध्ये ९० सेकंद गेले तर गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे.

प्रयोगशाळेत

हे थोडक्यात. जुन्या पट्टीचं टोक घासलेलं असतं. मोजणी १ सेंटिमीटरच्या रेघेपासून सुरू करून शेवटी एक वजा करायला शिकवा. डोळा खुणेच्या बरोबर समोर हवा, तिरका बघितला की मिलिमीटर-दोन मिलिमीटर सहज चुकतात. मोजपात्रातलं पाणी कडेला वर चढलेलं दिसतं; मधल्या खोलगट भागाच्या तळाशी वाचायचं. आणि उपकरणाचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, आधी वहीत लिहायचं, मगच मोजायचं.

दुरुस्त झालेली चूक परत का येते

सगळ्यात जास्त हताश करणारा भाग हाच. रविवारी बसून एकाच प्रकारची पन्नास रूपांतरं घोटून घेतली, पन्नासही बरोबर आली, आणि महिन्याने पेपरात पुन्हा चूक. कारण एकाच प्रकारची उदाहरणं सलग सोडवताना दुसऱ्या उदाहरणापासून मूल विचार करणं सोडतं. काय करायचं ते पहिल्यातच ठरलेलं असतं. पेपरात मात्र कुठलं रूपांतर करायचं हे आधी ओळखावं लागतं, आणि ओळखण्याचा सराव झालेलाच नसतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरलं जातं, आणि अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग पालकांनी विशेष लक्षात घ्यावा. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून ते येतंय असं वाटतं. पेपर त्या वाटण्यावर गुण देत नाही.

म्हणून रोज पाचच उदाहरणं, पण पाचही वेगळी: एक लांबीचं, एक चौरसाचं, एक घनतेचं, एक वेगाचं, एक कालच्या चुकीतलं. पुस्तक मिटलेलं. पावसाच्या वहीचा उपयोग इथे होतो. सकाळी साडेआठची नोंद झाली की त्याच आकड्यावरून छपरावर किती लिटर पडलं ते काढायचं. रोजचा आकडा नवा, म्हणून घोकता येत नाही, आणि महिनाभर खंड पडत नाही. लाईट गेली तरी कागद-पेन पुरतं.

पाठ करावीच लागतात अशा गोष्टींसाठी, म्हणजे उपसर्ग (किलो, मिली वगैरे), चिन्हं, राशी (लांबी, वेग, घनता वगैरे) आणि त्यांची एककं, कार्डं करा. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घेतल्या की छान जाड कार्डं होतात. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. तीन खोके: पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. जे येतं त्यावर वेळ जात नाही, हा तिचा मोठा गुण.

आणि चुकांची वही ठेवा. चुकलेलं उदाहरण, चुकीचं उत्तर, आणि खाली मुलाच्याच शब्दांत एक ओळ: "मी चौरसाला शंभरने गुणलं." बरोबर उत्तर पालकांनी लिहून देऊ नये. ते मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतः काढायचं.

तपासणी

पंधरा दिवसांनी, न सांगता, हे सहा प्रश्न द्या. बरोबर की चूक एवढंच बघू नका. चुकीचं उत्तर काय आलं त्यावरून पुन्हा कुठल्या भागाकडे जायचं ते कळेल.

४५० मिलिलिटर नारळाचं दूध, किती लिटर? उत्तर ०.४५. साडेचार लाख आलं तर अंदाजाच्या सवयीकडे परत. ४.५ आलं तर मिलीच्या अर्थाची सेंटीशी गफलत होतेय.

२.५ चौरस मीटर, किती चौरस सेंटिमीटर? उत्तर २५,०००. २५० आलं तर खळ्यात पुन्हा खडू.

ताशी ५४ किलोमीटर, किती मीटर प्रति सेकंद? उत्तर १५. १९४.४ आलं तर अपूर्णांक उलटा लावला आहे. ०.९ आलं तर एकदाच साठने भागलं आणि किलोमीटरचे मीटर राहून गेले.

एक लिटर खोबरेल तेल, घनता ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर; वस्तुमान किती? उत्तर ९२० ग्रॅम. १००० आलं तर लिटर-किलोचा गोंधळ कायम आहे. १०८७ च्या आसपास आलं तर गुणायचं तिथे भागलं. एककं छेदायला लावा.

पावणेचार तास दशांशात? उत्तर ३.७५. ३.४५ आलं तर मूल तासाला शंभर मिनिटं धरतंय.

छपराखालची जागा ८० चौरस मीटर, पाऊस ६५ मिलिमीटर. छपरावर किती लिटर पाणी पडलं? उत्तर ५२०० लिटर. ५.२ आलं तर मुलाने घनमीटर बरोबर काढले आणि लिटर करायचे राहिले. त्याला शाबासकी द्या आणि शेवटची पायरी तेवढी पूर्ण करून घ्या.